कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप गेमिंगसाठी कसा तयार करावा

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक वापरलेला टॉवर डेस्कटॉप घेतला. ठाणे-नवी मुंबईतील ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यातील कार्यालये ठरावीक वर्षांनी आपली यंत्रे बदलतात आणि त्यांतली बरीचशी साफसूफ होऊन पुन्हा विक्रीला येतात. हे यंत्र त्यांपैकीच एक होते. आत इंटेलचा २०१८ सालचा आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची एसएसडी आणि २६० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. अभ्यासाला आणि कोडिंगला हे पुरेसे होते, पण नवा गेम लावला की चित्र अडखळू लागे. तो मला म्हणाला, "मामा, आधी ग्राफिक्स कार्डच घेऊन टाकूया, बाकीचं नंतर बघू."

हा क्रम उलटा आहे. सर्वांत जास्त पैसे कार्डावरच जातात हे खरे, पण कोणते कार्ड घेता येईल हे एसएमपीएस आणि कॅबिनेट ठरवतात. आधी यंत्राची मर्यादा मोजावी, मग त्या मर्यादेत बसणारे कार्ड निवडावे. या क्रमाने गेल्यास कमी खर्चात चांगले काम होते आणि घेतलेली वस्तू परत करण्यासाठी दुकानाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पुढील सर्व मांडणी याच क्रमाने केली आहे.

यंत्र उघडण्यापूर्वीची तपासणी

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' या भागात जावे. प्रोसेसरचे नाव, रॅमचा वेग आणि रॅमच्या किती जागा भरलेल्या आहेत हे तिथेच दिसते. मदरबोर्डचे मॉडेल आणि बायोसची, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती पाहण्यासाठी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्यानंतर जो गेम खेळायचा आहे तोच चालू करून १५ मिनिटे खेळावे आणि मधूनमधून टास्क मॅनेजरवर नजर टाकावी. ग्राफिक्सचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ असेल तर कमतरता ग्राफिक्सची आहे. ग्राफिक्स ६० टक्क्यांवर रेंगाळत असून प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, भरलेले असतील, तर नवे कार्ड घालूनही फारसा फरक पडणार नाही. रॅम काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर दोष रॅमचा आहे. भाच्याच्या यंत्रात ग्राफिक्स आणि रॅम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमी पडत होत्या, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःच्या कामासाठी त्याच ८ जीबी रॅममधून वाटा घेत होते.

याच बैठकीत विंडोजचाही विचार करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून (आय५-८५०० याच पिढीचा) पुढे चालते आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या दोन्हींशिवाय चालत नाही. म्हणून वापरलेले यंत्र अजून घ्यायचेच असेल, तर सहाव्या किंवा सातव्या पिढीचे स्वस्तात मिळते म्हणून न घेता थोडे जास्त मोजून आठव्या पिढीचे घ्यावे. सहाव्या पिढीचा आय५-६५०० चार कोअरचा आहे, तर आय५-८५०० सहा कोअरचा. आजच्या गेममध्ये हा फरक ठळकपणे जाणवतो.

कॅबिनेट आणि मोजपट्टी

यंत्र बंद करून वायर काढावी आणि बाजूचा पत्रा उघडावा. कार्यालयीन डेस्कटॉप साधारण तीन आकारांत येतात. पुस्तकाएवढ्या छोट्या यंत्रात ग्राफिक्स कार्डासाठी जागाच नसते. त्याच्यावर पैसे घालू नयेत, ते विकून टॉवर घ्यावा. आडव्या, सडपातळ कॅबिनेटमध्ये फक्त अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड बसते. अशा कार्डाच्या खोक्यात लहान पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, आहे ना हे दुकानातच उघडून पाहावे. पूर्ण टॉवरमध्ये निवडीला सर्वांत जास्त वाव मिळतो.

मागच्या पत्र्यापासून समोरच्या हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावे. आमच्या टॉवरमध्ये ते २२ सेंटीमीटर भरले, त्यामुळे तीन पंख्यांची लांबलचक कार्डे आपोआपच बाद झाली. कार्ड बसणाऱ्या खाचेखालची, म्हणजे स्लॉटखालची, जागा मोकळी आहे का आणि एखादा कनेक्टर किंवा वायरचा जुडगा कार्डाच्या आड येतो का, हेही याच वेळी पाहावे.

एसएमपीएस: इथे घाई नको

एसएमपीएसच्या अंगावरचा कागद नीट वाचावा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वॅट फारसे कामाचे नसतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात, म्हणून त्या रकान्यातील अँपिअरचा आकडा शोधावा आणि त्याला १२ ने गुणावे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून '५०० वॅट' असे छापलेला स्वस्त एसएमपीएस घेतला होता. त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले होते, म्हणजे प्रत्यक्षात २१६ वॅट. तो कागद मी घेताना वाचला नाही. तिसऱ्या आठवड्यात गेम चालू असताना 'टक्' असा आवाज आला, जळक्या रबराचा वास खोलीभर पसरला आणि एसएमपीएससोबत कुटुंबाची छायाचित्रे असलेली हार्ड डिस्कही गेली. तेव्हापासून यंत्रातल्या दुसऱ्या कोणत्याही भागात काटकसर केली तरी एसएमपीएसमध्ये मी करत नाही. ८० प्लस हे चिन्ह असावे, पण ते फक्त कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि तो एसएमपीएस स्वतंत्र चाचण्यांमध्ये कसा ठरला आहे, हेही पाहावे.

कार्यालयीन यंत्रांत आणखी एक अडचण येते. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांत नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, तर कंपनीचा स्वतःचा ६, ८ किंवा ४ पिनांचा असतो. कित्येकदा एसएमपीएसचा आकार आणि स्क्रूची जागाही वेगळी असते. जोडवायर मिळते, पण ती आपल्या नेमक्या मॉडेलसाठीच आहे याची खात्री करूनच लावावी, कारण पिनांचा क्रम चुकला तर मदरबोर्ड जळतो.

त्यामुळे पुढे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत मूळ एसएमपीएस ठेवायचा आणि वेगळी वायर न लागणारे कार्ड घ्यायचे. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, आणि काही सडपातळ मॉडेलांत ही मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरील तांत्रिक पुस्तिका वाचावी. दुसऱ्या वाटेत एसएमपीएस बदलून ५५० वॅटच्या आसपासचा दर्जेदार एसएमपीएस बसवायचा, म्हणजे ६ किंवा ८ पिनांची कार्डे घेता येतात. या दोहोंच्या मधली एक धोकादायक पळवाट मात्र दुकानदार अनेकदा सुचवतात. हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून कार्डाची ८ पिनांची वायर काढून देणारा कन्व्हर्टर, ही ती पळवाट. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅट पेलू शकतो, तर ८ पिनांचे कार्ड त्या वायरीतून १५० वॅटपर्यंत मागू शकते. प्लास्टिक वितळून आग लागल्याची उदाहरणे आहेत. हा कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी वापरू नये.

आमचा हिशेब सोपा होता. प्रोसेसर पूर्ण भारात ९० वॅटच्या आसपास, कार्ड ७०, बाकी सर्व मिळून ३५, म्हणजे एकूण १९५ वॅट. २६० वॅटचा मूळ एसएमपीएस चांगल्या स्थितीत असल्याने आम्ही पहिली वाट धरली.

घरातील विजेकडेही पाहावे. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. त्याचे कारण बहुधा अर्थिंग नसणे किंवा सैल असणे हे असते. कार्डावर पैसे घालण्यापूर्वी वायरमनला बोलावून ते दुरुस्त करून घ्यावे. यूपीएस असेल तर त्याची क्षमताही पाहावी. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि त्यात मॉनिटरचाही वाटा असतो.

रॅम आणि एसएसडी

आज गेमिंगसाठी १६ जीबी रॅम ही किमान गरज मानावी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत असावी. एका पट्टीने प्रोसेसरला एकच वाहिनी मिळते. डीडीआर४ २६६६ च्या एका पट्टीतून सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती जाते, तर दोन पट्ट्यांतून त्याच्या दुप्पट. आय५-८५०० असलेले कार्यालयीन मदरबोर्ड २६६६ च्या वर जात नाहीत, म्हणून ३२०० किंवा ३६०० च्या पट्टीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. जास्त वेगाची पट्टी त्याच भावात मिळाली तर घ्यायला हरकत नाही, ती २६६६ वर किंवा त्याहून कमी वेगावर चालेल.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादनाचा मोठा भाग एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला. ऐरोली-रबाळे भागात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांसमोरून रोज जाणाऱ्यांना ही मागणी किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी वापरलेली पट्टी घेणे शहाणपणाचे ठरते, कारण रॅम सहसा झिजत नाही. मात्र ती लावल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे आणि एकही चूक निघाली तरी पट्टी परत करावी. परत घेण्याची ही अट आधीच बोलून ठेवावी.

एसएसडीबाबत थोडक्यात सांगायचे तर, सायबरपंक २०७७ आणि स्टारफील्ड यांसारखे गेम आता किमान गरजांतच एसएसडी मागतात, आणि एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो. १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची, एसएसडी घ्यावी, पण आपल्या मदरबोर्डवरचा एम.२ स्लॉट एनव्हीएमईचा आहे की फक्त साटाचा हे आधी पाहावे.

कार्डाची निवड

वेगळी वायर न लागणाऱ्या कार्डांत आज माझी पहिली पसंती एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेले हे कार्ड ७० वॅटवर चालते आणि त्याच्या लो-प्रोफाइल आवृत्त्याही मिळतात. याच नावाचे ८ जीबीचे जुने कार्ड १३० वॅटचे असून त्याला वेगळी वायर लागते, म्हणून बिल करताना '६ जीबी' हे शब्द तपासून घ्यावेत. २०१९ चे जीटीएक्स १६५० वापरलेल्या बाजारात भरपूर दिसते. इ-स्पोर्ट्सच्या गेमसाठी ते अजूनही पुरेसे आहे, पण त्यात ४ जीबीच मेमरी आहे आणि रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढण्याची, यंत्रणा नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस यांसारख्या गेमना ती यंत्रणा सक्तीची असल्याने ते या कार्डासाठी नाहीत.

एएमडीचे आरएक्स ६४०० ५३ वॅटवर चालते आणि सडपातळ कॅबिनेटमध्ये सहज बसते, म्हणून ते मोहात पाडते. मात्र त्याला स्लॉटच्या फक्त ४ वाहिन्या जोडलेल्या आहेत. नव्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस ४.० असल्याने ते चालून जाते, पण आठव्या पिढीच्या यंत्रात ३.० असते आणि तिथे हा मार्ग सेकंदाला सुमारे ४ जीबीवर येतो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की चित्राला अक्षरशः झटके बसू लागतात. शिवाय खेळ रेकॉर्ड करण्यासाठी लागणारा एन्कोडर त्यात नाही. जुन्या यंत्रात हे कार्ड घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटेलची आर्क कार्डे किमतीच्या मानाने चांगली आहेत, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय बायोसमध्ये नसेल तर ती निम्म्या ताकदीने चालल्यासारखी वाटतात, आणि जुन्या कार्यालयीन बायोसमध्ये ती सोय बहुधा नसतेच.

एसएमपीएस बदलला असेल तर १३२ वॅटचे आरएक्स ६६०० किंवा ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० ही ८ जीबीची कार्डे आय५-८५०० ला साजेशी आहेत. त्याहून महाग कार्ड घेतल्यास प्रोसेसरच मागे पडेल.

लॅमिंग्टन रोडची फेरी

केबल, पंखा, थर्मल पेस्ट अशा किरकोळ वस्तू ठाणे स्टेशन परिसरात किंवा वाशीत मिळतात. कार्डासाठी मात्र लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही फेरी घालण्याजोगा आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठावे. घणसोली-कोपरखैरणेकरांनाही ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन हाच मार्ग घेता येतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून कामाचा दिवस निवडावा आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतावे, कारण दादरहून ठाण्याच्या गाडीत कार्डाचे खोके छातीशी धरून उभे राहणे सोपे नाही.

निघण्यापूर्वी त्याच दिवसाचे ऑनलाइन भाव लिहून घ्यावेत आणि किमान तीन दुकानांत विचारावे. बिल जीएसटी क्रमांकासह असावे आणि कार्डाचा सिरियल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण पुढे वॉरंटीचा सगळा भार त्याच क्रमांकावर असतो. "बिल नको असेल तर एवढे कमी करतो" हा प्रस्ताव स्वीकारू नये. वापरलेले कार्ड घेताना ते चालू यंत्रात पाहावे आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून नाव, मेमरी तपासावी. जुन्या चिपचे बायोस बदलून नवे नाव दिलेली बनावट कार्डे बाजारात फिरतात, आणि हे सॉफ्टवेअर त्यांतली अनेक ओळखते.

बसवणे

वायर काढल्यावर पॉवरचे बटण १० सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. मागची पट्टी काढून कार्ड दोन्ही हातांनी सरळ खाली दाबावे. स्लॉटच्या टोकाचे कुलूप 'कट्' असा आवाज करून बसते. तो आवाज आला नाही तर कार्ड अर्धवट बसले आहे असे समजावे. नंतर स्क्रू लावावा, नाहीतर कार्डाचे वजन स्लॉटवर येते.

मॉनिटरची केबल कार्डाला लावावी, मदरबोर्डला नव्हे. ही चूक इतक्या वेळा होते की "कार्ड घालूनही फरक पडला नाही" असे कोणी म्हटले की मी पहिल्यांदा यंत्राची मागची बाजू पाहतो. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर लागेल, कारण आजच्या कार्डांवर व्हीजीए नसते. पडदा काळाच राहिला तर बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सचा पहिला क्रम पीसीआय एक्सप्रेसला द्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत करायचे असेल तर ते कार्ड बसवण्याआधीच, आणि यूपीएसवर असतानाच करावे. कार्डाचे ड्रायव्हर थेट निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावेत.

उष्णता आणि खाडीची हवा

कार्यालयीन कॅबिनेटमध्ये मागे एकच छोटा पंखा असतो. नवे कार्ड त्याच डब्यात उष्णता सोडू लागले की प्रोसेसरही तापतो. समोर जागा असेल तर हवा आत घेणारा एक पंखा बसवावा. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट सात-आठ वर्षांत सुकून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. एवढ्याने आमच्या यंत्राचे तापमान ९२ अंशांवरून ७४ वर आले. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहताना प्रोसेसर सतत ९० च्या वर आणि कार्ड ८५ च्या वर राहता कामा नये.

ठाणे आणि नवी मुंबईची दमट, खाडीकाठची हवा धूळ धरून ठेवते, त्यामुळे पंख्याच्या पात्यांवर कोरडी नव्हे तर चिकट, राखाडी साय बसते. दर तीन महिन्यांनी ब्लोअरने साफ करावे, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून खराब होतो.

सेटिंग आणि प्रोसेसरचा प्रश्न

१०८०पी पडद्यावर डीएलएसएस किंवा एफएसआर ही गेममधली सोय 'क्वालिटी'वर ठेवल्यास चित्र आतून ७२०पीमध्ये तयार होऊन मोठे केले जाते, आणि एवढ्यानेच यंत्र मोकळे होते. सावल्या, धुके आणि परावर्तने आधी कमी करावीत, टेक्श्चर मात्र कार्डाच्या मेमरीत मावेल तेवढे उंच ठेवावे, कारण डोळ्यांना सर्वांत आधी तेच जाणवते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी. सरासरी ७० आणि मधूनच २५ असे चालण्यापेक्षा सलग ५० चालणारा गेम कितीतरी गुळगुळीत वाटतो. या पद्धतीने भाच्याच्या यंत्रावर सायबरपंक मध्यम सेटिंगवर ४५ ते ५५ फ्रेमवर चालतो.

प्रोसेसर सर्वांत शेवटी बदलावा. आय५-८५०० च्या जागी त्याच मदरबोर्डवर आय७-८७०० बसू शकतो, त्यात ६ कोअर आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत. सहाव्या किंवा सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर मात्र तो चालत नाही, दोन्हींच्या सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेचे, नाव सारखे असले तरीही. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे मदरबोर्ड असणारे या बाबतीत भाग्यवान आहेत, कारण बायोस अद्ययावत केल्यावर बी३५० किंवा बी४५० सारख्या जुन्या बोर्डवरही बहुतेक ठिकाणी रायझन ५ ५६०० चालतो. चौथ्या पिढीचे डीडीआर३ यंत्र असेल तर पुढच्या यंत्रात नेता येईल असे कार्ड आणि एसएसडी एवढेच घ्यावे, त्याच्या रॅमवर आणि प्रोसेसरवर काही खर्च करू नये.

शेवटचे काम कागदाचे आहे. दुकानातील बिले बहुधा थर्मल कागदावर छापलेली असतात आणि आपल्या दमट हवेत वर्षभरात त्यावरील अक्षरे उडतात. घरी आल्या दिवशीच त्याची छायाप्रत काढावी, प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक आणि वॉरंटी संपण्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि ती प्रत कार्डाच्या खोक्यात ठेवून द्यावी. खोकेही टाकू नये, कारण दुरुस्तीला पाठवताना कार्ड त्यातच सुरक्षित जाते.